सामायिक कार्यशाळेतला शनिवार

निवृत्त झाल्यापासून रोह्यात अष्टमीच्या पुलावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मला एकच प्रश्न विचारतात : "टिपणीस, त्या डिझाइन कॉलेजात तुम्ही नेमके शिकवत काय होता?" मी त्यांना खरे तेच सांगतो. मी काहीही शिकवत नव्हतो. मी नाही म्हणत होतो. नेमणुकीच्या आदेशात माझे पद 'कार्यशाळा अधीक्षक' असे नोंदलेले होते. परंतु त्या पदाची कर्तव्ये एका शब्दात सांगायची तर तो शब्द 'नाही' हाच. ओढणी सोडून लेथपाशी उभे राहता येणार नाही. चपला घालून आत येता येणार नाही, बंद जोडाच हवा. दुसऱ्याची पटाशी 'जरा' नेता येणार नाही. हे मी इतकी वर्षे म्हणत आलो, की आता घरी कोणी चहा घेणार का असे विचारले तरी तोंडून प्रथम नकारच बाहेर पडतो.

ज्यांनी असे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. डिझाइनच्या महाविद्यालयात विद्यार्थी खुर्च्या, दिवे, खेळणी आणि ज्यांना अद्याप नाव पडलेले नाही अशा अनेक वस्तू कल्पून काढतात. कल्पना कागदावर सहज उभी राहते. जमिनीवर उभी करायची तर करवत लागते, भट्टी लागते, छिद्र पाडायचे यंत्र लागते. ही साधने प्रत्येकाला स्वतंत्र देणे शक्य नसते. म्हणून एका मोठ्या छपराखाली लाकूड, धातू, माती आणि साचे असे विभाग करून ती सर्वांनी मिळून वापरायची. व्यवस्था उत्तम. दोष एवढाच, की वापरण्याची घाई सर्वांना असते आणि पुसून जागेवर ठेवण्याची सवड एकालाही नसते.

आमचे महाविद्यालय पेणच्या बाहेर, वडखळच्या अंगाला, खाडीकडे उतरणाऱ्या जमिनीवर होते. मी रोह्याहून एस.टी.ने पेणला उतरून पुढे जात असे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मी अनेकदा पाहिले आहे : एका खोलीत कितीतरी हात एकाच वेळी काम करतात, पण मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचा कुंचला दुसरा कोणी उचलत नाही. तशी पाटीही तेथे लावलेली नसते. आमच्याकडे पाट्या सर्वत्र होत्या आणि पटाश्या कोठेच नव्हत्या.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी सबंध महाविद्यालय माझ्या दारात उभे राही. "सर, दोनच मिनिटं!" या दोन मिनिटांवर माझा कधीही विश्वास बसला नाही. सरस वाळण्यास लागणारा वेळ परीक्षक कोण आहेत यावर अवलंबून नसतो, हे वाक्य मी फळ्यावर तैलरंगाने लिहून ठेवले होते, म्हणजे कोणी पुसायला नको. विद्यार्थ्यांचे एक वेळ समजण्यासारखे होते. एका प्राध्यापकांनी मात्र संस्थेच्या सागवानातून घरचा देव्हारा करायला घेतला आणि वापराच्या कारणापुढे 'संशोधनाचा नमुना' असे लिहिले. मी त्यांना लेखी विचारणा केली, की संशोधनाची निष्पत्ती कोणत्या दिशेस तोंड करून बसवण्यात येणार आहे. उत्तर आले नाही. देव्हारा अर्धवट राहिला. त्या गृहस्थांनी माझ्याशी बोलणे सोडले, हा माझ्या सेवाकाळातील एक अनपेक्षित लाभ होय.

आता मूळ विषयाकडे येतो. तो विषय म्हणजे पाटी.

संचालकांना कार्यशाळेवर इंग्रजी नाव हवे होते. मी हरकत घेतली. जेथे राज्यभाषेत नाव देता येते तेथे ते न देण्याचे कारण लेखी नोंदवावे, असे मी त्यांना कळवले. कारण लेखी देण्यापेक्षा मराठी परवडली, असे त्यांना वाटले असावे. प्रश्न उरला शब्दाचा. 'सार्वजनिक' म्हणावे तर रस्त्यावरचा कोणीही आत येईल. 'सामुदायिक' म्हटले की पुढे विवाह हा शब्द आपोआप ऐकू येतो. 'संयुक्त' म्हटले की बँकेतले खाते आठवते. अखेरीस मी 'सामायिक कार्यशाळा' असे ठरवले आणि त्या शब्दावर, स्पष्टच सांगतो, मी खूश होतो. ऋतुजा नावाच्या एका विद्यार्थिनीने ती अक्षरे जाड सागवानी फळीत इतकी सुबक कोरली, की रागावण्यास जागा उरली नाही. पाटीखाली मी आठवड्याचे वेळापत्रक लावले. प्रत्येक विभागाला एकेक वार. शनिवारच्या रकान्यात 'देखभाल' असा शब्द होता. त्या दिवशी यंत्रांना तेल, पात्यांना धार, आणि मला शांतता.

गणपती विसर्जन होऊन गेले होते, पितृपक्ष संपत आला होता. एका शुक्रवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा दोन माणसे पाटीपुढे उभी होती. एक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, बोट फिरवत अक्षरे लावून वाचत होत्या. त्यांच्या मागे एक वयस्क गृहस्थ अनवाणी उभे होते. बाईंचे नाव हिराबाई म्हात्रे. गृहस्थ त्यांचे चुलतदीर दामू. दोघेही खाडीकाठच्या गावचे.

"सायेब, ही पाटी तुमी लावली?" हिराबाईंनी विचारले.

"हो. का?"

"सामाईक म्हंजे सामाईकच ना? आमच्या हिरीसारका?"

"कसली हीर?"

"अवो, पान्याची. आमची हीर सामाईक हाय. सोमवार-मंगळवार आमचा, फुडं पाटलांचा, मंग खालच्या आलीचा. पर्त्येकाचा वार ठरल्याला. तुमीपन खाली वारच लिवल्यात." त्यांनी वेळापत्रकाकडे बोट केले. "तर आमचा वार कंचा?"

माझ्या कारकिर्दीत मला अनेक प्रश्न विचारले गेले. हा प्रश्न त्यांत नव्हता. मी त्यांना समजावले, की येथे सामायिक याचा अर्थ संस्थेच्या विद्यार्थ्यांमध्ये सामायिक.

"तसा लिवलाय कुठं?"

मी पाटीकडे पाहिले. तसे लिहिलेले नव्हते.

"वयनी," दामू म्हणाले, "शनवार त्या देखभालबायचा हाय वाटतं. तिला इचारू. बाई मानूस हाय, आयकंल."

मी त्यांना माझ्या कचेरीत बसवले आणि काम काय ते विचारले. काम असे होते. आमच्या भागात खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. बांधात एक मोरी असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेले लाकडी दार. यास उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी दार ढकलून खाडीत जाते. भरती आली की खाडीचेच पाणी दार दाबून बंद करते. दाराला कुलूप नाही, रखवालदार नाही. एवढ्या साध्या व्यवस्थेवर मागच्या साऱ्या शेतांचे भात अवलंबून असते. त्यांच्या उघाडीचे दार कुजून फुटले होते. सध्या भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असल्याने मातीची पोती रचून निभावले होते. परंतु सोमवारी सर्वपित्री अमावास्या होती आणि तिच्याबरोबर उधाण येणार होते. पोती उधाणापुढे टिकत नाहीत.

"भात निसवलाय, लोंब्या भाईर आल्यात, सायेब," हिराबाई म्हणाल्या. "माझा तुकडा उघाडीला लागूनच. मागं एकडाव खारा पानी शिरला व्हता. कैक वरसं त्या जमिनीत गवतसुदीक उगवला नाय. तवा दुसऱ्याच्या मिठागरावर मीठ वडलं मी. आता वडायला हात राह्यले नायत."

गावचे सुतारकाम करणारे रशीदमिस्त्री मुलाकडे मस्कतला गेले होते. जुन्या मचव्याच्या, म्हणजे मालवाहू होडीच्या, जाड फळ्या गावाजवळ होत्या. त्या हाताने कापून, रंधून, त्यांना छिद्रे पाडून दार उभे करायचे तर अमावास्या थांबणार नव्हती. संबंधित कार्यालयात अर्ज दिलेला होता. त्यावर 'पाहणी करण्यात येईल' असे उत्तर आलेले होते. मराठीतील कर्मणी प्रयोग कशासाठी निर्माण झाला, हे अशा वेळी कळते.

मी संचालकांना दूरध्वनी केला. ते मुंबईत होते. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "टिपणीसजी, इंटरेस्टिंग आहे. सोमवारी पाहू."

"सोमवारी पाणी येणार आहे," मी म्हणालो.

"मग मंगळवारी," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वाचकांचा येथे असा समज होण्याची शक्यता आहे, की त्या क्षणी माझे हृदय द्रवले आणि मी नियम बाजूस ठेवला. तसे काहीही झाले नाही. मी नियम कधीही बाजूस ठेवलेला नाही. मी टेबलाशी बसलो आणि तो काढून वाचला. अर्थनिर्णयाचे एक मान्य तत्त्व आहे : शब्द संदिग्ध असेल तर तो ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध वाचावा. 'सामायिक' मी लिहिला होता. 'देखभाल' मीच लिहिला होता. कशाची देखभाल, हे सबंध नियमावलीत कोठेही नमूद नव्हते. शिवाय आमची इमारत बांधाच्या आतल्या अंगाला होती. उघाडी गेली असती तर खारे पाणी भातानंतर आमच्याच फरशीवर आले असते. मी लेखी आदेश काढला : संस्थेची वास्तू बांधबंदिस्तीच्या आत असल्यामुळे उघाडीचे दार हे कार्यशाळेचे सर्वांत बाहेरचे दार होय, सबब त्याची दुरुस्ती शनिवारच्या देखभालीत मोडते. आदेशाची प्रत मी संचालकांच्या टेबलावर ठेवली आणि हिराबाईंना सांगितले, "तुमचा वार शनिवार."

"बगा, व्हताच की आमचा वार," त्या दामूंना म्हणाल्या. आभार वगैरे मानण्याचा प्रश्नच त्यांच्या मनात आला नाही. सामायिक विहिरीवर पाणी भरताना कोणी कोणाचे आभार मानते काय?

शनिवारी सकाळी बैलगाडीतून फळ्या आल्या आणि पहिली अडचण दारातच उभी राहिली. अनवाणी माणसाला आत प्रवेश नाही. दामूंच्या पायांनी आयुष्यभर मिठागराची खाचरे तुडवलेली. कार्यशाळेच्या कपाटातला एकही जोडा त्यांना होईना. मोठ्या मापाचा एकच जोडा शिल्लक होता. तो मान्यवर पाहुण्यांसाठी काचेमागे चकचकीत करून ठेवलेला असे आणि उद्घाटनांव्यतिरिक्त कधी बाहेर निघत नसे. मी तो काढला. दामूंनी त्यात पाय घातला, दोन पावले टाकली आणि म्हणाले, "लगनात घालतात तसला हाय."

दुसरी अडचण बांगड्यांची. फिरत्या यंत्रापाशी हातात बांगडी चालत नाही.

"बांगड्या उतरनार नाय," हिराबाई म्हणाल्या. "धनी जिता हाय माजा."

"मग त्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे उभ्या राहा."

"ऱ्हाते की. तोंडाला रेघ मारली नाय ना तुमी?"

आणि त्या दिवसभर पिवळ्या रेघेवर उभ्या राहून, रेघ तसूभरही न ओलांडता, त्यांनी संपूर्ण कार्यशाळा चालवली. नियमाचे इतके काटेकोर पालन करणारी व्यक्ती माझ्या पाहण्यात दुसरी नाही. माझ्यासह.

मदतीला ऋतुजा आली. तिला मी बोलावले नव्हते. वसतिगृहाच्या खिडकीतून बैलगाडी पाहून ती आली. मचव्याच्या फळ्या जुन्या होत्या, आत गंजलेले खिळे होते. एकेक खिळा शोधून उपटल्याशिवाय मी फळी करवतीवर जाऊ दिली नाही. दामूंनी त्यावर कुरकुर केली. पात्याला खिळा लागला तर पाते तुटून कोणाच्या अंगात शिरते ते सांगितल्यावर त्यांनी स्वतःच पक्कड उचलली. पुढे फळ्यांमध्ये फट किती ठेवायची यावर चर्चा सुरू झाली. लाकूड पाणी पिऊन फुगते, दाटून बसवले तर दार पोट काढते. हे दामूंना ठाऊक होते आणि ऋतुजालाही ठाऊक होते. दोघांनी एकमेकांना तेच समजावून देण्यात बराच वेळ घालवला. दाराच्या कडेला ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावावी, म्हणजे पाणी झिरपणार नाही, ही सूचना ऋतुजाची. दामूंनी ती पट्टी बोटांनी ओढून पाहिली, दाताने चावून पाहिली आणि मंजूर केली.

दार तयार होत आले तेव्हा ऋतुजा कडा घासून गोल करू लागली.

"मावशी, जरा पॉलिश केलं असतं तर किती छान दिसलं असतं."

"कुनाला गो? निवट्यांना?" रेघेवरून आवाज आला. "चिकलातनं डोलं वर काडून त्ये मासं बगत बसतील काय तुजं पालीस?"

नेमके त्याच वेळी संचालक दारात अवतरले. बरोबर परगावचे पाहुणे होते. कार्यशाळेत बैलगाडीचा कासरा, फळ्यांचा ढीग, आणि मान्यवरांच्या जोड्यात एक अनोळखी गृहस्थ पाहून त्यांचा चेहरा पडला.

"टिपणीसजी, हे काय चाललंय?"

"देखभाल," मी म्हणालो आणि आदेशाची प्रत पुढे केली.

ती त्यांनी वाचली नाही. पाहुण्यांपैकी एक बाई मात्र भारावून गेल्या होत्या. असा लोकांशी थेट संवाद आपण कोठेच पाहिला नाही, असे त्या म्हणाल्या. संचालकांचा चेहरा क्षणार्धात पूर्ववत झाला. त्यांनी दामूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि छायाचित्रकारास बोलावले.

"जरा हसा ना, काका."

"दार लागू दे आदी," दामू म्हणाले. "मंग हसतो."

रविवारी पहाटेच्या ओहोटीत गावकऱ्यांनी चिखलात उतरून दार टांगले. सोमवारी मी रजेचा अर्ज देऊन बांधावर गेलो. माझ्या आदेशाचा परिणाम पाहणे माझे कर्तव्य होते. दुपारी उधाण चढू लागले. दार एकदा धडकले, दुसऱ्यांदा धडकले आणि बसले. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर अंतरावर थांबले. हिराबाई आतल्या अंगाने खाली उतरल्या, मोरीच्या तोंडाशी वाकल्या आणि ओंजळभर पाणी घेऊन चाखले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पुन्हा एकदा चाखले.

"गोडा हाय," त्या म्हणाल्या आणि तेथेच बांधावर बसल्या. दामू तेव्हा हसले. छायाचित्रकार तेव्हा तेथे नव्हता.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सांगताना माझा रक्तदाब वाढतो. बाहेरच्या व्यक्तींना यंत्रे वापरू दिल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. त्याच सुमारास संस्थेचे नवे माहितीपत्रक छापून आले. त्याच्या पहिल्या पानावर दामूंच्या खांद्यावर हात ठेवलेले संचालक होते. मी नोटिशीस उत्तर दिले आणि ते पान 'परिशिष्ट अ' म्हणून जोडले. नोटीस मागे घेण्यात आली नाही आणि पुढेही नेण्यात आली नाही. सरकारी असो वा खासगी, आपल्याकडे कागद मरत नाहीत, केवळ बेशुद्ध होतात. त्यानंतर मात्र एक परिपत्रक निघाले. 'सामायिक' या शब्दामुळे परिसरात गैरसमज निर्माण होतो, सबब पाटी बदलण्यात यावी. दाराला कार्डाने उघडणारे कुलूप बसले आणि वर काचेची इंग्रजी पाटी आली. मी शेवटचा निषेध नोंदवला. त्यात म्हटले, की या शब्दामुळे गैरसमज झालेला नाही. उलट तो शब्द लावल्यापासून एकदाच आणि एकाच व्यक्तीला बरोबर समजला होता. उत्तर आले नाही. वर्षअखेरीस मी निवृत्त झालो.

मध्यंतरी पेणला दाताच्या डॉक्टरांकडे गेलो असता वेळ होता म्हणून खाडीकडे फिरकलो. हिराबाई शेतात होत्या. भात उभे होते. मला पाहून त्यांनी हाक मारली, "सायेब, या, तुमाला गंमत दाकवते," आणि उघाडीपाशी नेले. ओहोटी होती, दार लोंबत होते. त्यातली एक फळी इतरांपेक्षा तांबूस दिसत होती. मी बांधावरून वाकून पाहिले. ऋतुजाने कोरलेली अक्षरे मी कोठेही ओळखली असती. 'कार्यशाळा' मापात बसत नसल्याने कापून टाकले होते. 'सामायिक' राहिले होते.

"ही तुम्हाला कोठे मिळाली?"

"पेनला भंगारवाल्याकडं. एक फली गेलती दाराची."

"ही संस्थेची मालमत्ता आहे. पावती आहे का?"

"हाय ना," त्या म्हणाल्या. "तुमी कंदीतरी इचारनार म्हनून जपून ठेवलीय."

मालकी निर्विवाद होती. तरीही एक उघड चूक माझ्या नजरेतून सुटली नाही.

"अक्षरे उलटी बसवली आहेत."

बांधावर बसलेल्या दामूंनी विडी विझवली. "पान्याला वाचता येतं काय, सायेब? दार लागतंय, त्ये बगा."

आम्ही तिघे बसून राहिलो. भरती लागली. पाणी अक्षरांवर चढले, दार एकदा धडकून बसले. निघण्यापूर्वी मी आतल्या अंगाने खाली उतरलो, मोरीच्या तोंडाशी वाकलो आणि ओंजळभर पाणी चाखले.

गोडे होते. या बाबतीत माझी कोणाकडेही, कोणतीही तक्रार नाही.